पुण्याच्या उन्नत मेट्रो स्टेशनात पहिल्यांदा जाताय? रस्त्यापासून फलाटापर्यंतची वाट

मी बार्शीहून पुण्यात आले तेव्हा कोथरूडला राहायला आणि कल्याणीनगरला नोकरीला, असं जुळून आलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, "मेट्रो आहे की, एका गाडीत पोचशील." गाडीचं खरंच होतं. पण गाडीपर्यंत कसं पोचायचं हे कुणी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी आयडियल कॉलनी स्टेशनाच्या बरोबर खाली उभी राहून मी वर बघत होते. डोक्यावर स्टेशन, आणि आत शिरायची वाट कुठून ते कळेना. नंतर गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन गेले तेव्हा त्याच स्टेशनात नव्याने अडखळले, कारण मला सवय झालेले जिने तिच्या कामाचे नव्हते.

म्हणून हे लिहितेय. गावाहून शिकायला, नोकरीला किंवा दवाखान्यासाठी पुण्यात आलेल्यांनी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना मेट्रोने न्यायचं असलेल्यांनी एकदा शांतपणे वाचावं.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. उन्नत स्टेशन, म्हणजे खांबांवर उभं असलेलं स्टेशन, हे तीन मजल्यांचं घर आहे. खाली रस्ता. मधल्या मजल्यावर तिकीट, तपासणी आणि गेट. पाट्यांवर याला कॉन्कोर्स म्हणतात. सगळ्यात वर फलाट. प्रत्येक मजल्यावर एकेकच निर्णय घ्यायचा असतो. खाली ठरवायचं जिना की लिफ्ट, मध्ये ठरवायचं तिकीट आणि दिशा, वर फक्त गाडीची वाट बघायची. माझे सगळे घोटाळे मधल्या मजल्यावरचं काम फलाटावर जाऊन करायला गेल्याने झाले.

सोबत काय हवं

- मोबाइल, त्यात यूपीआय सुरू आणि बॅटरी शिल्लक. तिकीट मोबाइलवर काढलं असेल तर उतरतानाही तोच लागतो, त्यामुळे बॅटरी शेवटपर्यंत टिकायला हवी.
- थोडे सुटे पैसे. तिकीट किमान १० रुपये आणि कमाल ३५ रुपये आहे, त्यामुळे ५०० ची नोट पुढे करू नका.
- रोज जाणार असाल तर मेट्रोचं कार्ड. ते काढताना चालू मोबाइल नंबर आणि सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा.
- विद्यार्थ्यांसाठी वेगळं कार्ड आहे. कॉलेजचं ओळखपत्र किंवा बोनाफाईड घेऊन जा.

सवलतीचं गणित असं: विद्यार्थ्यांना ३० टक्के, शनिवार-रविवारी सगळ्यांनाच ३० टक्के आणि इतर दिवशी कार्डधारकांना १० टक्के. आठवड्यातून पाच दिवस जाणाऱ्याने कार्ड काढावंच. पैसे वाचतात ते वाचतात, पण सकाळी तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही हा त्याहून मोठा फायदा.

१. घरातून निघतानाच शेवटच्या स्टेशनाचं नाव पाठ करा

मेट्रोत "पूर्वेकडे", "गावात", "स्टेशनच्या बाजूला" असल्या दिशा चालत नाहीत. पाट्यांवर आणि घोषणेत त्या मार्गावरच्या शेवटच्या स्टेशनाचं नाव असतं. पुण्यात अशी चार नावं आहेत: वनाज, रामवाडी, पीसीएमसी (म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिका) आणि स्वारगेट. वनाज ते रामवाडी हा एक मार्ग, तो सगळाच्या सगळा खांबांवरून जातो. पीसीएमसी ते स्वारगेट हा दुसरा. तो पिंपरीकडून खांबांवरून येतो आणि शिवाजीनगरच्या आधी जमिनीखाली उतरतो. दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात, जिल्हा न्यायालय स्टेशनात.

तुमचं स्टेशन कुठल्या दोन टोकांच्या मध्ये आहे ते बघा. मला आयडियल कॉलनीहून कल्याणीनगरला जायचं, म्हणजे गाडी रामवाडीची. एवढं पाठ असलं की पुढचं अर्धं काम झालं.

आणखी एक. "सिव्हिल कोर्ट" आणि "जिल्हा न्यायालय" हे एकच स्टेशन आहे. लोकांच्या तोंडी पहिलं नाव बसलंय, सरकारी नाव दुसरं. माझ्या शेजारच्या काकू सिव्हिल कोर्टची वाट बघत बसल्या आणि पुढे मंगळवार पेठेला जाऊन उतरल्या.

२. रस्त्यावरून वर: खांबाखाली नाही, कडेला बघा

रूळ रस्त्याच्या मधोमध असतात, म्हणून आपण मधोमध शोधतो. जिने, सरकते जिने आणि लिफ्ट मात्र रस्त्याच्या कडेला, फुटपाथलगत असतात. बहुतेक स्टेशनांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी प्रवेश आहे. त्यामुळे स्टेशन समोरच्या बाजूला दिसलं म्हणून वाहनांमधून रस्ता ओलांडायला धावू नका. तुमच्या बाजूचा जिना शोधा, वर मधल्या मजल्यावर दोन्ही बाजू जोडलेल्या असतात.

या रचनेचा उपयोग मेट्रोने न जाणाऱ्यांनाही होतो. पौड रोड, कर्वे रोडसारख्या रस्त्यांवर म्हाताऱ्या माणसांना पलीकडे जायचं असेल तर स्टेशनाच्या एका बाजूने वर चढून, गेटच्या बाहेरूनच चालत दुसऱ्या बाजूला उतरता येतं. तिकीट लागत नाही.

काही स्टेशनं रस्त्यावरून चटकन दिसत नाहीत. गरवारे कॉलेजनंतर मार्ग कर्वे रोड सोडून मुठेच्या काठाने जातो. त्यामुळे डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही स्टेशनं जंगली महाराज रस्त्याच्या मागच्या अंगाला, नदीच्या बाजूला आहेत. या दोन्ही स्टेशनांचं छत मावळ्यांच्या पगडीवरून सुचलेल्या आकाराचं आहे, लांबून ओळखायला तीच खूण धरा.

नळ स्टॉपला रिक्षाने येत असाल तर चालकाला आधीच सांगा, "पुलावरून नको, खालून घ्या." तिथल्या चौकात वाहनांचा उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी दुमजली रचना आहे. रिक्षा एकदा पुलावर चढली की स्टेशन मागे पडतं.

*लिफ्टबद्दल थोडं सविस्तर.* आईला घेऊन गेले तेव्हा मला वाटलं होतं की एकच लिफ्ट रस्त्यावरून थेट फलाटावर नेईल. तसं नसतं, आणि त्यामागे कारण आहे. रस्ता आणि फलाट यांच्या मध्ये तिकिटाचं गेट आहे. थेट लिफ्ट असती तर गेट चुकवून कुणीही वर गेलं असतं. म्हणून एक लिफ्ट रस्त्यावरून मधल्या मजल्यावर आणते, तिथे तिकीट, तपासणी, गेट झालं की आतली दुसरी लिफ्ट फलाटावर नेते. आतल्या लिफ्ट फलाटागणिक वेगळ्या असतात. म्हणजे चुकीच्या लिफ्टमध्ये शिरलात तर चुकीच्या फलाटावर पोचता, आणि ज्यांच्यासाठी लिफ्ट शोधली त्यांनाच दोनदा वर-खाली करावं लागतं. लिफ्टच्या दाराशेजारी दिशेची पाटी असते. ती वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

सरकते जिने चढताना मिळतात, उतरताना प्रत्येक ठिकाणी मिळतीलच असं नाही. गुडघेदुखीत चढण्यापेक्षा उतरणं जास्त त्रासाचं असतं, हे घरातल्या तरुण मंडळींच्या लक्षात येत नाही. परतीसाठीही लिफ्ट कुठे आहे ते जातानाच बघून ठेवा.

३. मधला मजला: इथे पाच मिनिटं जास्त द्या

वर आलात की मोकळी जागा लागते. तिकीट खिडकी, तिकिटाची यंत्रं, नकाशा आणि चौकशीचा माणूस, सगळं इथेच. पहिल्यांदा जाताना घाई करू नका. हा मजला नीट समजला की पुण्यातलं कुठलंही उन्नत स्टेशन तुम्हाला परकं वाटणार नाही, कारण सगळीकडे क्रम हाच आहे: मोकळी जागा, तपासणी, गेट, मग दोन बाजूंना दोन फलाटांचे जिने.

तिकीट चार प्रकारे मिळतं: खिडकीवर, यंत्रावर, मेट्रोच्या अॅपवर आणि व्हॉट्सअॅपवर. खिडकीवर कागदाचं तिकीट मिळतं, त्यावर क्यूआर कोड छापलेला असतो. त्या कोडवर घडी पडू देऊ नका आणि तो ओला होऊ देऊ नका. मी एकदा मुठीत चुरगाळून ठेवलं आणि उतरताना गेट काही केल्या कोड वाचेना. तिकीट खिशात किंवा पाकिटात सपाट ठेवा. पोचल्यावर लगेच फेकूही नका, बाहेर पडायला तेच लागतं.

तिकीट काढून खाली चहाला जायचा बेत असेल तर आधी चहा प्या. तिकिटाला वेळेची मर्यादा असते, ती तिकिटावरच वाचा.

४. तपासणी आणि गेट

पिशव्या यंत्रातून जातात, माणसं चौकटीतून. डबा, पाण्याची बाटली, लॅपटॉप घेऊन मी रोज जाते. गावाहून येताना पोत्यात विळी, कोयता असलं काही बांधलेलं असेल तर ते इथे अडेल.

गेटवर कोड किंवा कार्ड दाखवायचं, झडप उघडली की एकट्यानेच पुढे जायचं. दोघं मिळून एका झडपेतून जायचा प्रयत्न करू नका. लहान मूल कडेवर असेल, मोठी बॅग असेल किंवा व्हीलचेअर असेल तर रुंद गेट वेगळं असतं, तिथून जा.

घरातल्या चौघांची तिकिटं एकाच मोबाइलवर असतील तर मोबाइलवाल्याने शेवटी आत जावं. तो आधी आत गेला की बाकीचे बाहेर अडकतात आणि मोबाइल गेटवरून अलीकडे-पलीकडे करत बसावं लागतं.

आत गेल्यावर लगेच जिना चढू नका. दोन पावलं बाजूला थांबा आणि वर लटकलेली पाटी वाचा.

५. फलाट निवडणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आपल्या रेल्वे स्टेशनात एका फलाटावरून पूल ओलांडून दुसऱ्या फलाटावर जाता येतं, फलाटावर उभं राहून कुणाला तरी विचारताही येतं. वनाज-रामवाडी मार्गावरच्या उन्नत स्टेशनात मध्ये दोन रूळ आणि त्यांच्या दोन्ही बाहेरच्या अंगांना एकेक फलाट, अशी रचना आहे. एका फलाटावर एकाच दिशेची गाडी येते. समोरचा फलाट दिसतो, तिथली माणसं दिसतात, पण वरच्या वर तिकडे जाता येत नाही. दुसऱ्या बाजूला जायचं तर पुन्हा मधल्या मजल्यावर उतरून दुसरा जिना चढायचा.

माझ्या दुसऱ्याच दिवशी मी गर्दीमागे चालत गेले आणि वनाजच्या फलाटावर पोचले. गाडी आली, चढले. पुढचं स्टेशन आनंदनगर ऐकलं तेव्हा चूक कळली. तुमचंही असं झालं तर घाबरू नका. पुढच्या स्टेशनावर उतरा, मधल्या मजल्यावर या, *गेटबाहेर न पडता* समोरचा जिना चढा आणि उलट गाडी पकडा. गेटबाहेर पडलात की ते तिकीट संपलं.

फलाटावर पोचल्यावर पिवळी पट्टी दिसेल. तिच्या अलीकडे थांबा. त्यातल्या उंचवट्याच्या फरशा अंधांसाठी वाट दाखवणाऱ्या आहेत, त्यांच्यावर बॅगा ठेवू नका. रुळांवर वरून २५,००० व्होल्टची तार जाते. छत्री उघडून, काठी किंवा सेल्फी स्टिक उंच धरून फलाटाच्या कडेला उभं राहणं जिवावर बेतू शकतं. काही वस्तू रुळात पडली तर खाली उतरू नका, कर्मचाऱ्याला सांगा.

गाडी तीनच डब्यांची आहे. फलाटाच्या अगदी टोकाला जाऊन उभे राहिलात तर गाडी थांबल्यावर धावावं लागेल. जमिनीवर दाराच्या खुणा जिथे आहेत तिथे, दाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहा आणि मधून उतरणाऱ्यांना वाट द्या. महिलांसाठी राखीव जागेची खूणही खालीच बघा.

६. गाडीत

इथे सांगण्यासारखं फार नाही. दारावरच्या नकाशात तुमचं स्टेशन कितवं ते मोजा. या मार्गावर गाडी डाव्या रुळावरून धावते आणि फलाट बाहेरच्या अंगाला असतो, त्यामुळे साधारण डाव्या हाताची दारं उघडतात. उतरायच्या आधीच्या स्टेशनापासून त्या बाजूला सरका. सायकल नेता येते. ती लिफ्टने चढवा-उतरवा, सरकत्या जिन्यावर नको.

७. जिल्हा न्यायालयात गाडी बदलताना

कोथरूडहून स्वारगेटला किंवा पिंपरीला जायचं तर इथे बदलावं लागतं, आणि नवख्या माणसाला हे स्टेशन खरोखर गोंधळात टाकतं. रामवाडीची गाडी तुम्हाला खांबांवरच्या फलाटावर सोडते. स्वारगेटची गाडी जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे. म्हणजे उंच इमारतीच्या गच्चीवरून तिच्या तळघराच्याही खाली जायचं. एकामागून एक सरकते जिने लागतात. तरुण माणसाने यासाठी सात-आठ मिनिटं धरावीत, वडीलधारी सोबत असतील तर पंधरा. खाली पोचल्यावर एकदा वर मान करून बघा. छत इतकं उंच आणि खुलं ठेवलंय की एवढ्या खोलवर उन्हाचा कवडसा येतो.

तिकीट एकच चालतं, नवं काढायचं नाही. सापळा हा, की गाडीतून उतरलेले बरेचजण कोर्टाच्या कामाला आलेले असतात आणि ते बाहेरच्या गेटकडे वळतात. त्यांच्या मागे जाऊ नका. पाटीवर पीसीएमसी किंवा स्वारगेट शोधत राहा. एकदा मी फोनवर बोलता बोलता गर्दीबरोबर गेले, गेटला तिकीट दाखवलं, झडप उघडली आणि बाहेर पडले. परत आत यायला नवं तिकीट काढावं लागलं. रक्कम लहान होती, पण सोबत आई होती आणि तिचे पाय दुखत होते.

हे स्टेशन सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी भाग सुरू झाल्यापासून जास्तच गजबजलंय. बाहेर पडायचे दरवाजेही अनेक आहेत. कोर्टात तारीख असेल तर गाडीतून उतरल्या उतरल्या कर्मचाऱ्याला विचारा, "कोर्टाच्या बाजूचं गेट कुठलं?" चुकीच्या दरवाजाने बाहेर आलात तर उन्हात मोठा वळसा पडतो.

८. बाहेर पडताना बाजू ठरवा

गेटमधून बाहेर आलात तरी तुम्ही अजून मधल्या मजल्यावरच आहात. रस्त्याच्या डाव्या बाजूला उतरायचं की उजव्या, हे इथेच ठरवा. पाट्यांवर जवळचा चौक, कॉलेज, दवाखाना अशा खुणा असतात. कुणी न्यायला येणार असेल तर नुसतं "स्टेशनखाली ये" म्हणू नका. दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना फोन करत राहता. प्रवेशद्वाराचा क्रमांक किंवा समोरच्या दुकानाचं नाव सांगा.

कोड वाचला जात नसेल, बॅटरी संपली असेल, तर गेटवरून उडी मारायचा विचारही नको. शेजारीच ग्राहक सेवेची खिडकी असते, तिथे खरं काय ते सांगा. स्वच्छतागृह हवं असेल तर तेही गेटबाहेर पडायच्या आधी विचारा. काही ठिकाणी ते आतल्या बाजूला असतं आणि बाहेर आल्यावर परत जाता येत नाही.

९. पावसात, गणपतीत आणि रात्री

उन्नत फलाटांच्या बाजू मोकळ्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये वारा असला की छताखालीही सपकारे बसतात आणि जिन्याच्या पायऱ्या निसरड्या होतात. फलाटाच्या कडेऐवजी भिंतीलगत थांबा, आणि ओली छत्री तपासणीच्या यंत्रात घालण्याआधी पिशवीत गुंडाळा.

गणपतीत वेळा वाढवतात. २०२५ च्या विसर्जनाला मेट्रो सलग ४१ तास चालू होती. मानाचे गणपती बघायला जाणाऱ्यांनी कसबा पेठेला उतरावं आणि दर्शन घेत चालत जावं. मंडई स्टेशनात त्या रात्री पाय ठेवायला जागा नसते, लहान मुलं असतील तर तिथे उतरूच नका.

एरवी मेट्रो सकाळी ६ ते रात्री ११ असते. ११ ही शेवटच्या गाडीची वेळ असली तरी ती तुमच्या स्टेशनावर ११ ला येईल असं नाही, आणि गाडी बदलायची असेल तर दुसऱ्या मार्गाची शेवटची गाडी आधी निघून गेलेली असू शकते. उशिरा सुटणाऱ्यांनी आपल्या स्टेशनातली शेवटच्या गाडीची वेळ एकदा खिडकीवर विचारून मोबाइलमध्ये लिहून ठेवावी. मी कल्याणीनगरहून निघते तेव्हा साडेदहाची गाडी धरते आणि आईला फोन करून सांगते, "वनाजच्या फलाटावर आहे."